तिव्याचा बैल

दारव्हा,
७ डिसेंबर

प्रिय प्रभाकर,

फोन लावला की वहिनी उचलते अन् म्हणते, "झोपले आहेत." दुपारी चार वाजता झोपणारा तू कधी नव्हतास. म्हणून पत्र लिहितोय.

जगनच्या पोरीच्या लग्नात मांडवामागं तू म्हणालास, "आळशी झालो बे मी, बाकी काही नाही." मी हसलो होतो. त्या हसण्याची माफी आधी मागतो.

गेल्या पावसाळ्यात मला चिकनगुन्या झाला, ताप आठवड्याच्या आत उतरला, सांधे दुखत राहिले, इथवर सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं मी कोणाला सांगितलं नाही. दोन महिने मी ओसरीवर नुसता बसून होतो. पोळा आला तरी बैलांच्या शिंगांना रंग लावावासा वाटेना. बेगड, झूल, सगळं पोरानं केलं. कोणी बोलायला आलं की ते कधी उठतं असं व्हायचं. तुझी वहिनी विचारायची, "ताप तर गेला ना? मग काऊन असे बसता?" तिचंच खरं वाटायचं, अन् लाज वाटायची.

पंचवीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढून मला माझंच कळलं नाही, हे विशेष. तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, झालेला बैल तू पाहिला आहेस. कडबा सोडतो, रवंथ बंद करतो, कान पाडून एका बाजूला बसतो. त्याला कोणी आळशी म्हणतं का? बैल हाकायची तुतारी टोचतं का?

बेंजामिन हार्ट नावाच्या अमेरिकेतल्या पशुवैद्यकानं १९८८ मध्ये याच बसण्यावर लिहिलं. त्याचं म्हणणं, हा नुसता अशक्तपणा नव्हे. जंतूशी लढायला ताकद राखावी म्हणून शरीरच जनावराला खाली बसवतं. निरोप्याचं काम करतात सायटोकाइन, म्हणजे जंतू दिसल्यावर पांढऱ्या पेशींनी सोडलेली प्रथिनं. त्यांचा निरोप काही रक्तातून, काही पोटाकडून येणाऱ्या व्हेगस नसेतून मेंदूला पोचतो. मग मेंदू भूक, हौस, माणसांची ओढ, सगळंच आवरतं घेतो. लग्नात तू मला स्वतःबद्दल काय काय सांगितलं होतंस, आठव.

माणसांतही हे दिसलं आहे. कावीळ-सीच्या रोग्यांना पूर्वी महिनोन्‌महिने इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. तेही त्याच जातीचं प्रथिन. मनाचा आधी काही त्रास नसलेल्या कितीतरी जणांना त्या इंजेक्शनांवर असताना नैराश्यानं गाठलं. टायफॉइडची लस टोचलेल्या धडधाकट माणसांचं मन काही तास उतरल्याचंही मोजलं गेलंय. त्यांच्या डोक्यावर त्या दिवशी नवं कर्ज थोडंच चढलं होतं!

आता तू म्हणशील, मग अंगातली ही लढाई, डॉक्टरांच्या भाषेत सूज, उतरवायची गोळी घेतली की झालं. तसं नाही, गड्या. नेहमीच्या औषधांनी गुण न आलेल्या नैराश्याच्या ६० रोग्यांना घेऊन अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब नावाचं सूज उतरवणारं औषध तपासलं, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. एकूण पाहता खोट्या औषधापेक्षा ते सरस ठरलं नाही. ज्यांच्या रक्तात सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं प्रथिन, आधीपासून जास्त होतं, त्यांना मात्र फायदा झाल्यासारखा दिसला. अन् नैराश्याच्या रोग्यांत असे साधारण चौथा हिस्साच निघतात. त्यामुळे तुझं दुखणं याच वाटेनं आलंय असं मी छातीठोक म्हणत नाही. मेडिकलमधून ब्रुफेन आणून खाऊ नकोस. हळद-दुधावरही भागवू नकोस. वहिनी म्हणाली, डॉक्टरनं नैराश्यावर दिलेल्या गोळ्या तू पंधरा दिवसांत सोडल्यास. अरे, त्यांचा गुण यायलाच कितीदा महिना-दीड महिना लागतो!

तुझ्या अंगात जंतू कुठला, असं विचारशील तर कदाचित कुठलाच नसेल. सततचा घोर, तुटकी झोप, एकटेपण, यांनीही ही यंत्रणा राखेखालच्या निखाऱ्यासारखी धुमसत राहते. दोन वर्षं सोयाबीन हातचं गेलं, सोसायटीच्या कर्जाचा तगादा आहे, त्यात रानडुकरांपायी रोज रात्री जागल. तुला झोप आहे कुठं? माझ्या पत्रानं सोयाबीनला भाव येणार नाही, हे मलाही कळतं. पण आळशी म्हणून स्वतःला तुतारी टोचणं तेवढं थांबव.

रात्री मळ्यात नको ते विचार यायला लागले तर १४४१६ लाव. सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर मला लाव, कितीही वाजलेले असू देत.

रविवारी सकाळच्या यष्टीनं येतो. सोमवारी दोघं मिळून यवतमाळला मोठ्या दवाखान्यात जाऊ. तिथं गोळ्यांचंही विचारू अन् रक्त तपासायचं का तेही. वहिनीला तुरीच्या शेंगा उकडून ठेवायला सांग, मीठ जरा जास्त. अन् बॅटरी चार्ज करून ठेव. रविवारची जागल माझी. तू घरी झोप.

तुझा,
बबन