खुर्चीच्या हातावरचे वण राखल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण ‘चहा टाका, ताई’ म्हणून विषय बदलता, त्यामुळे हे पत्र उघडपणे लिहिण्यावाचून मला मार्ग राहिला नाही. आपले नाव कोठेही येऊ नये अशी आपली ताकीद आहे आणि ती मी पाळत आहे. पुण्याच्या बुरुड आळीत वेताची चौकशी करीत फिरणाऱ्याला तेथील दुकानदार बोटाने कोणाकडे दाखवतात, एवढे सांगितले तरी जाणकारांना पुरेल.

माझ्या वडिलांची सागवानी आरामखुर्ची आपण पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती आरामखुर्ची आहे हे कोणाला सांगूनही पटले नसते. मूळची वेताची वीण मधोमध फाटली होती, एवढाच तिचा दोष होता. तेवढ्यासाठी मी आधी एका मोठ्या फर्निचरच्या दुकानात विचारले, तर तेथील गृहस्थांनी छायाचित्राकडे नीट न पाहताच नवी खुर्ची घेण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या कारागिराने मात्र ‘अगदी नवी करून देतो’ असे म्हणून ती टेम्पोत घालून नेली, तीन आठवड्यांचे चार महिने केले आणि वेत ओवण्याच्या छिद्रांवर प्लायवूड ठोकून, वर फोम आणि गडद तांबडे रेग्झिन चढवून परत आणली. या खुर्चीची पाठ आणि बैठक एका सलग बाकात उतरते, आणि वेताची जाळी अंगाच्या भाराने लवचीकपणे झुकते म्हणूनच तिच्यात बसणाऱ्याला आराम मिळतो. प्लायवुडावर बसल्यावर पाठ एकीकडे आणि कंबर दुसरीकडे टेकत असे, आणि मे महिन्यात तर उठताना अंगाबरोबर रेग्झिनही उठते की काय असे वाटे. या सेवेचे साडेसहा हजार रुपये मी मोजले, आणि शिवाय धन्यवादही दिले, ही गोष्ट आजही माझ्या मनाला लागते.

त्याहून वाईट गोष्ट खुर्चीच्या डाव्या हातावर घडली होती. वडील संध्याकाळी चहाचा पेला नेहमी त्या हातावर ठेवीत, त्यामुळे तेथे पांढुरक्या वर्तुळांची एकात एक गुंतलेली नक्षी उमटली होती. कारागिराने घासण्याचे यंत्र फिरवून ती साफ केली, आणि तो हात उरलेल्या खुर्चीपेक्षा दोन छटांनी फिका पडला. ‘डाग घालवले, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत,’ असे त्याने मला अभिमानाने सांगितले होते.

आपण घरी आलात त्या पहिल्या रविवारी आपण खुर्चीला हात लावण्यापूर्वी तिच्यात कोण बसत असे, हे विचारले होते. मला तेव्हा तो प्रश्न गप्पांपैकी वाटला. नंतर आपण स्पष्टच सांगितले की मोतीबिंदूमुळे वेताच्या तिरप्या पदरांना आता नजर पुरत नाही, तेव्हा ओवायचे मी आणि सांगायचे आपण. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून रेग्झिन उसकले, फोम काढला आणि प्लायवुडाचा एकेक खिळा पक्कडीने उपटला. खिळ्यांनी चौकटीची काही छिद्रे चिरली होती. ती सागाच्या खुंट्यांनी बुजवून पुन्हा पाडण्यात दुपार गेली.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे.

उजव्या हाताच्या टोकाशी बारीक, आडवे, दाट वण आहेत. वडील शब्दकोडे पेन्सिलीने सोडवीत आणि पेन्सिलीला टोक ब्लेडने काढीत. पेन्सिल टेकवायची ती खुर्चीच्या हातावर, त्यामुळे ब्लेड निसटले की लाकडावर एक रेघ पडे. आई यावरून त्यांना रागावत असे, आणि ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करीत. काका, खरे सांगायचे तर त्या दिवशी हे सारे माझ्या ध्यानातही नव्हते. डावा हात फिका पडलाच आहे, तर निदान दोन्ही हात सारखे दिसावेत एवढाच हिशेब करून मी पॉलिश पेपर घेतला आणि उजवा हात घासायला सुरुवात केली. आपण बैठकीच्या बाजूला छिद्रे मोजत बसला होता. मोजणी अर्धवट सोडून आपण उठलात, आणि काही न बोलता आपला तळहात त्या वणांवर पालथा ठेवलात. माझा कागद आपल्या बोटांना जाऊन अडला. मी थांबले, तरी आपण हात काढला नाही. मग आपण विचारलेत, “हे कशाचं?” मी सांगितले. “मग राहू द्या,” एवढेच आपण म्हणालात, आणि मी कागद खाली ठेवल्यावर जाऊन छिद्रे पुन्हा पहिल्यापासून मोजलीत.

त्या कारागिराने चार महिने खुर्ची जवळ ठेवून जे विचारले नाही, ते आपण एका श्वासात विचारलेत. मला राग मात्र त्याच्यापेक्षा माझाच अधिक आला, कारण त्याला ठाऊक नव्हते आणि मला ठाऊक असायला हवे होते.

पूर्वी दारावर येणारे कल्हईवाले भांड्यावर कोरलेले नाव जपून घासत, आणि आमच्या आळीतले एक बाइंडर पुस्तकाच्या कडा कापण्याआधी पहिल्या पानावर कोणाची सही काठाशी आलेली नाही ना, हे उघडून पाहत. त्यांना कोणी तसे सांगितलेले नसे आणि त्याचे दामही मिळत नसत. दुसऱ्याच्या वस्तूत दुसऱ्याचे आयुष्य असू शकते, एवढी साधी शंका त्यांना येई. हल्ली मात्र ‘नव्यासारखे करून देतो’ ही कौतुकाची गोष्ट झाली आहे, आणि वस्तू नव्यासारखी हवी आहे का, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. असो, तक्रारीसाठी हे पत्र नाही.

पुढच्या तीन रविवारी आपण मला जे शिकवलेत त्याचा मी येथे धडा मांडणार नाही, तो आळीत येऊन प्रत्यक्ष घ्यावा. तरी काही गोष्टी मनातून जात नाहीत. वेत हा बांबूचा भाऊबंद नसून माडाच्या कुळातला वेल आहे आणि आतून भरीव असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. त्याच्या सालीच्या पट्टीवरून एका दिशेने बोट फिरवले तर ते सरळ घसरते आणि उलट फिरवले तर पेरांशी अडखळते, आणि ज्या दिशेने अडखळत नाही त्याच दिशेने ओढायचे, म्हणजे साल उसवत नाही, हे आपण माझे बोट धरून दाखवलेत. दोन उभे पदर, दोन आडवे आणि मग दोन तिरपे असे सहा पदर पुरे झाले की त्यांच्यामधून अष्टकोनी डोळे उघडतात. पहिला डोळा उघडला तेव्हा मी ओरडलेच, आणि शेजारच्या वहिनी काय झाले म्हणून धावत आल्या.

पॉलिशच्या बाबतीत आपण मला चक्क रोखलेत. मी बोहरी आळीतून चपडा लाख आणि स्पिरिट आणून तयार होते, परंतु भर पावसाळ्यात लाख चढवली तर हवेतला दमटपणा धरून तिच्यावर पांढरट झाक येते, म्हणून गणपती जाऊन ऊन पडेपर्यंत आपण बाटलीला हात लावू दिला नाहीत. पुढे कळले ते असे की लाखेचा जुना थर स्पिरिटने विरघळतो, म्हणजे तो उतरवण्यासाठी लाकूड घासण्याची मुळात गरजच नव्हती, डाव्या हाताच्याही नाही. वडिलांच्या पेल्याची वर्तुळे लाखेच्या थरातली होती की लाकडात उतरली होती, हे पाहण्याची संधी आता गेली. उजव्या हातावर मी स्पिरिटचा बोळा फिरवला, त्यावर लाखेचे पातळ हात दिले, आणि वण आता पूर्वीपेक्षा ठळक दिसतात.

मजुरीबद्दल विचारले तेव्हा आपण वेताच्या जुडीचे पैसे आणि बसचे भाडे घेतलेत, आणि बाकीचे ‘विणले तर तुम्ही’ म्हणून परत केलेत. यावर मी वाद घातला नाही, कारण आपण वादात जिंकता. परंतु दिवाळीच्या फराळाच्या डब्याला आपण नाही म्हणणार नाही, असे काकूंनी मला परस्पर सांगून ठेवले आहे.

खुर्ची आता गॅलरीत आहे. मागच्या आठवड्यात बैठक जराशी सैल वाटली, तेव्हा आपण सांगितल्याप्रमाणे रात्री तिला उलटी करून खालच्या बाजूने ओला फडका लावला, आणि सकाळपर्यंत वीण सुकून पुन्हा ताठ झाली. फडका फिरवताना एक गोष्ट लक्षात आली. पाठीच्या वरच्या अंगाला, तिसऱ्या रांगेत, एक तिरपा पदर जेथे खालून जायला हवा होता तेथे वरून गेला आहे. आपल्याला दिसत नसले तरी आपण उठण्यापूर्वी प्रत्येक रविवारी सबंध विणीवरून बोटे फिरवीत होता, हे मी पाहिले आहे. तेव्हा ती चूक आपल्याला सापडली नसेल, हे मला पटत नाही.

डबा घेऊन येईन तेव्हा याचे उत्तर विचारणार आहे.

आपली नम्र,
उजव्या हाताला चहाचा पेला ठेवू न देणारी ताई