सही घेण्याआधी परीक्षा घ्या

मा. संपादक,
स. न.

कॉलऱ्याचे जंतू पिऊन लशीच्या चाचणीत भाग घेणाऱ्या स्वयंसेवकांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि संताप आला. ही माणसे पैशांच्या लोभापायी विष पितात, असा लेखाचा एकूण सूर. शेजारी छायाचित्र सुईचे! अहो, ही लसही पिण्याची आणि जंतूही पिण्याचेच. छापण्याआधी एवढे तरी कुणी पाहायला हवे होते.

लेखकाने अमेरिकेतल्या मेरीलँडच्या कैद्यांचा दाखला दिला आहे. कैद्यांवरचे ते अभ्यास 1970 च्या दशकातच थांबले. आता तिथल्या विद्यापीठाच्या बाल्टिमोरमधल्या केंद्रात येतात ती बाहेरची, धडधाकट, वयात आलेली माणसे. आधी सोड्याचे पाणी देतात, म्हणजे जठरातल्या आम्लाने जंतू मरत नाहीत. मग जंतू. त्यानंतर माणूस वॉर्डातच राहतो. दर शौचाचे मोजमाप होते, जेवढे पाणी गेले तेवढे ओआरएसने किंवा सलाइनने भरून काढतात, अँटिबायोटिक देतात आणि शौचात जंतू उरले नाहीत याची खात्री झाल्यावरच घरी सोडतात. याच पद्धतीने तपासून ‘व्हॅक्सकोरा’ ही लस अमेरिकेत 2016 मध्ये मंजूर झाली. लस घेतल्यावर दहा दिवसांनी जंतू पाजले तेव्हा मध्यम ते तीव्र कॉलऱ्यापासून 90 टक्के संरक्षण दिसले, तीन महिन्यांनी पाजले तेव्हा 80 टक्के. ही माहिती लोभाच्या गोष्टीपेक्षा वाचकांच्या जास्त उपयोगाची होती.

आणि जी गोष्ट यायलाच हवी होती, ती तर लेखात नाहीच. त्या केंद्रात संमतीपत्रावर सही घेण्याआधी स्वयंसेवकाची लेखी परीक्षा घेतात. काय पाजणार, काय त्रास होऊ शकतो, मध्येच सोडून जाता येते का, हे त्याला कळले आहे ना, ते तपासतात. कळले नसेल तर पुन्हा समजावतात.

माझ्या थोरल्या भावाला कुणी काहीच विचारले नव्हते. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मधुमेहाच्या नव्या गोळीच्या चाचणीत त्याचे नाव घातले. दादा सातवी शिकलेला, दुकानाचा हिशेब तोंडपाठ, पण इंग्रजीशी संबंध नाही. समोर आला तो स्टेपल केलेला इंग्रजी गठ्ठा. सह्यांच्या जागी आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या. “काका, इथे, इथे आणि शेवटच्या पानावर,” म्हणत त्या मुलाने पाने उलटली आणि काम उरकले. मराठी प्रत मागितली तर म्हणाला, छापून आली की देतो. पुढे दादाचे पाय सुजले. फॉर्मवरचा नंबर लागेना. रुग्णालयात गेलो तर ओपीडीच्या रांगेत उभे केले, तपासण्यांचे पैसेही आम्हीच भरले. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार मिळाले पाहिजेत, असे औषधचाचण्यांचे 2019 चे नियम सांगतात. चाचण्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नीतिमत्ता समितीला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. पोचपावती आली, उत्तर आजतागायत नाही. सूज त्या गोळीनेच आली, असे मी म्हणत नाही. पण ते शोधणे ज्यांचे काम होते, त्यांनी आम्हाला दारातसुद्धा उभे केले नाही.

तरीही सांगतो, जंतू पाजून करायच्या अभ्यासांवर आपल्या देशात बंदी घाला ही लेखकाची मागणी मला मुळीच पटत नाही. अमेरिकेतल्या स्वयंसेवकांत गुण दिलेली, ‘व्हॅक्सकोरा’च्याच वाणाची लस 1990 च्या दशकात जकार्तात 67 हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत तपासली, तेव्हा तिथे फारसे संरक्षण दिसले नाही. अमेरिकेतल्या निरोगी तरुणाच्या पोटावरून आमच्या वस्तीतल्या पोराचे ठरवता येत नाही. रक्ती हगवण करणाऱ्या शिगेलाचे दहा ते शंभर जंतूसुद्धा माणसाला आजारी पाडायला पुरतात, हे स्वयंसेवकांमुळेच कळले. आयसीएमआरने 2023 मध्ये या अभ्यासांबाबतच्या धोरणाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. त्यावर आपल्या दैनिकात किती ओळी आल्या?

अभ्यास इथेही जरूर व्हावेत. पण आधी परीक्षा, तीही माणसाच्या स्वतःच्या भाषेत आणि नावे नोंदवणाऱ्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणी घेतलेली. नापास झालेल्याची सही घेता कामा नये. आणि फॉर्मवरचा फोन रात्री दोन वाजतासुद्धा उचलला गेलाच पाहिजे.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले की आपण आतल्या पानावर चार ओळी छापता. पिण्याच्या पाण्याची लाइन कुठे फुटली, ती गटाराला लागून होती का, दुरुस्त कधी झाली, यातले एक अक्षर त्यात नसते. यंदा वार्ताहराला रुग्णालयाबरोबर त्या गल्लीतही पाठवा.

– आपला एक जुना वाचक