चांगला कॉम्प्रेसर ‘जळाला’ असे ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीची तपासणी, आगाऊ रकमेचा परतावा आणि जॉबशीटमधील नोंद दुरुस्त करण्याबाबत

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, स्प्लिट एसी मी वापरतो. गार हवा येईना म्हणून तक्रार नोंदवली. आउटडोअर युनिटचा पंखा फिरत होता. कॉम्प्रेसर मात्र काही सेकंद नुसता घुमायचा, ‘टक्’ असा आवाज व्हायचा आणि गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आपल्या टेक्निशियनने जॉबशीटवर ‘वाइंडिंग ओपन, कॉम्प्रेसर बदलणे’ असे लिहिले, म्हणजे कॉम्प्रेसरमधल्या मोटारीचे तारेचे वेटोळे तुटले असे ठरवले, आणि नव्या कॉम्प्रेसरसाठी आगाऊ रक्कम घेतली. तोच जुना कॉम्प्रेसर आज सुरळीत चालू आहे. गेला होता तो कपॅसिटर, म्हणजे मोटार सुरू व्हायला मदत करणारा वेगळा भाग. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मी मोटार रिवाइंडिंगच्या धंद्यातला माणूस आहे, त्यामुळे तपासणी चालू असताना शेजारीच उभा होतो. गृहस्थांनी आधी टर्मिनलला टेस्टर लावला. दिवा पेटला, ‘सप्लाय ओके’ झाले. टेस्टरचा दिवा तिथे व्होल्टेज आहे एवढेच सांगतो. लोड आल्यावर त्यातले किती शिल्लक राहते, हे त्याला काय कळणार? कॉम्प्रेसरला कॉमन, रन आणि स्टार्ट अशी तीन टर्मिनल असतात. त्यातल्या रनचा लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड, काळा पडला होता, वायरचे इन्सुलेशन कडक झाले होते. समजा, अशा सैल जोडात अर्धा ओहम रेझिस्टन्स आला. 8 अँपिअर करंटला तिथे 4 व्होल्ट पडतात आणि एवढ्याशा लगमध्ये 32 वॉट उष्णता होते. सुरू होताना करंट 40 अँपिअरवर गेला तर 20 व्होल्ट तिथेच संपतात. करंट वाहत नसताना मीटर लावला तर यातले काहीच दिसत नाही, व्होल्टेज पूर्ण भरते. चालू वायरमधला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर त्यांच्या बॅगेत होता, तो बॅगेतच राहिला.

खरी चूक पुढे झाली. कॉम्प्रेसर परत परत चालू करून बघितल्यावर लगेच त्याच्या टर्मिनलना मल्टीमीटर लावला. कॉमन ते रन काही नाही, कॉमन ते स्टार्ट काही नाही. निकाल : वाइंडिंग ओपन. मी म्हटले, ‘रन ते स्टार्ट पण बघा की.’ त्यांनी नाइलाजाने प्रोब ठेवले, तर 5 ओहमच्या आसपास आकडा आला. ‘तो बघायची गरज नसते,’ असे उत्तर मिळाले.

गरज नेमकी तिथेच असते. रन आणि स्टार्ट यांच्यामधली वाट रनिंग आणि स्टार्टिंग या दोन्ही वाइंडिंगमधून जाते. तिथे आकडा येतोय म्हणजे दोन्ही वाइंडिंग शाबूत आहेत. तुटले आहे ते कॉमनच्या वाटेवर, आणि या कॉम्प्रेसरमध्ये आतला ओव्हरलोड प्रोटेक्टर त्याच वाटेवर बसवलेला आहे. तापला की तो उघडतो, गार झाला की पुन्हा जुळतो. त्या वेळी कॉम्प्रेसरच्या डब्यावर हात ठेववत नव्हता. ओव्हरलोडने आपले काम चोख केले होते, आणि त्याचीच शिक्षा कॉम्प्रेसरला झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमसीबी पाडून मी गार कॉम्प्रेसर मोजला : कॉमन ते रन 1.9 ओहम, कॉमन ते स्टार्ट 3.2, रन ते स्टार्ट 5.1. पहिल्या दोघांची बेरीज बरोबर तिसऱ्याइतकी. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावून वाइंडिंग डब्याला चिकटले आहे का (बॉडी शॉर्ट) तेही तपासले, तोही नाही. मग कपॅसिटर. वर छापलेले 45 मायक्रोफॅरड, अधिक-उणे 5 टक्के, म्हणजे 42.75 च्या खाली जायला नको. मीटरवर आले 29.

सिंगल फेजवर नुसत्या रनिंग वाइंडिंगला सुरुवातीचा टॉर्क नसतो. कपॅसिटर स्टार्टिंग वाइंडिंगचा करंट पुढे सरकवतो, तेव्हा कुठे फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होऊन रोटर हलतो. कपॅसिटर अशक्त झाला की रोटर जागेवर अडकतो आणि करंट नेहमीच्या पाचपट झाला तर वाइंडिंगमधली उष्णता पंचवीसपट होते, कारण ती करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. मग ओव्हरलोड उघडणार नाही तर काय! नवा लग दाबून बसवला, त्याच रेटिंगचा कपॅसिटर लावला. कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात उठला आणि करंट नेमप्लेटवरच्या आकड्याच्या आत राहिला.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. कपॅसिटर डिस्चार्ज करायला, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकायला, आपल्या माणसाने त्याच्या दोन टर्मिनलवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकला. ठिणगी उडून पात्याला खड्डा पडला. रेझिस्टर लावून डिस्चार्ज करायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेलेच दिसत नाही. पोरगा कामसू आहे, बोलायलाही नम्र. माझा राग त्याच्यावर नाही. ओव्हरलोड कुठे बसतो हे न सांगता त्याच्या हाती जॉबशीट देणाऱ्यांवर आहे. आणि ‘टेक्निशियनचा रिपोर्ट अंतिम असतो’ असे फोनवर ऐकवणाऱ्या आपल्या कॉल सेंटरवर तर जास्तच.

घेतलेली आगाऊ रक्कम आणि तपासणी शुल्क दोन्ही परत करावे. आपल्या रेकॉर्डमधली ‘कॉम्प्रेसर निकामी’ ही नोंद रद्द करून तसे लेखी कळवावे, नाहीतर उद्या वॉरंटीच्या वेळी तीच माझ्यासमोर धरली जाईल. आणि यापुढे कॉम्प्रेसर बदलायला सांगण्याआधी तिन्ही जोड्यांचे गार अवस्थेतले ओहम, कपॅसिटरचे मायक्रोफॅरड आणि लोडवरचे व्होल्टेज जॉबशीटवर लिहिणे सक्तीचे करावे. सध्या त्या कागदावर आकड्यांसाठी एक रकानासुद्धा नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. जुना कपॅसिटर मी जपून ठेवला आहे. आपल्या माणसाने येऊन माझ्यासमोर मोजावा.

आपला,
(स्वाक्षरी)

सोबत : जॉबशीट व पावतीची प्रत, कपॅसिटरच्या आणि मीटरवरील आकड्यांची छायाचित्रे