फोन करू नकोस, लिहून पाठव

कराड
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. माई हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. रागाने ठेवलास हे मला कळलं. पण आता वाटतं, बरंच झालं, तेवढं तरी तुझं बोलणं थांबलं. डॉक्टरांनी तुला पंधरा दिवस मौन सांगितलंय हे मला ठाऊकच नव्हतं. सोमवारी जावईबापूंना खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. दुर्बीण घालून पाहिलं, स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना बारीक गाठी आहेत. तरी तिसऱ्या दिवशी तू सेकंड इयरच्या वर्गावर उभी होतीस, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्यावर रागवू नकोस.

म्हणून हे पत्र. फोन केला तर तू उचलशील आणि बोलशील. तुझी आई म्हणाली, व्हॉट्सॲपवर टाका की. तिथे मला चार ओळींच्या पुढे जमत नाही, आणि सांगायचंय बरंच.

आधी रविवारचं. "आमच्या वेळी आम्ही आठवड्याला वीस तास घेत होतो, कुणाचा आवाज बसला नाही," असं मी म्हणालो. ते चूक होतं. आमचा तास ४८ मिनिटांचा असायचा. असे वीस तास म्हणजे घड्याळाचे १६. तुझेही १६च. चौदा वर्षं विभागप्रमुख म्हणून दर जूनला वर्कलोडचा तक्ता मी भरलाय, माझ्याशिवाय हे कुणाला कळायला हवं होतं? आणि आवाज बसला नाही हेही खरं नाही. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला मैदानाच्या एका टोकाला प्लेन टेबल, दुसऱ्या टोकाला झेंडा धरलेली पोरं, मध्ये मी दिवसभर ओरडतोय. संध्याकाळी घरी आलो की तुझी आई मिठाच्या पाण्याचा तांब्या पुढे करायची. तू तेव्हा लहान होतीस, माझ्या गुळण्यांची नक्कल करायचीस. हे सगळं मी सोयीने विसरलो.

सप्टेंबरात आठ दिवस तुझ्याकडे होतो ना, तेव्हा रोज रात्री डायरीत तुझे तास टिपून ठेवले होते. तुला सांगितलं नाही. जुनी सवय. नियम सांगतो, पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावा, वर्षाचे ३० आठवडे, १८० अध्यापन दिवस. त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. शिवाय आठवड्याला किमान सहा तास संशोधनाला द्यावेत असंही त्यात आहे. यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, २०१८चं विनियम, कपाटात अजून आहे माझ्याकडे. त्या आठवड्याची तुझी बेरीज ६१ तास आली. शिकवण्याचे १६ बरोबर बसले. संशोधनाचा एकही तास सापडला नाही. उरलेले ४५ कुठे गेले ते मी शोधत बसलो. कॉलेजच्या नॅक मूल्यांकनातल्या दुसऱ्या निकषाची फाइल. पोरांच्या क्रेडिट खात्यांचे एबीसी आयडी. मेंटॉर-मेंटीच्या सभेचा जिओटॅग फोटो, तोही सभा झाल्यावर पोरांना पुन्हा बसवून काढलेला. अंतर्गत गुण पोर्टलवर चढवणं, आणि पोर्टल दिवसा चालत नाही म्हणून रात्री साडेअकराला. चिऊ तुझ्या पाठीला टेकून झोपलेली होती आणि तू एका हाताने टाइप करत होतीस. मी दारातून पाहिलं आणि परत खोलीत गेलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

गरम पाणी पितेस ना? कुजबुजत बोलायचं नाही बरं का. कुजबुजण्याने घशावर ताणच येतो, आपल्याला वाटतं हळू बोलतोय म्हणजे आराम देतोय. काही सांगायचं असेल तर वहीवर लिही.

त्याच आठवड्यात तू मला तुझ्या प्रॅक्टिकलला बसू दिलंस. इतक्या वर्षांत तुला शिकवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. २२ पोरांची बॅच, वर एक्झॉस्ट फॅनची घरघर, शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचं तर ओरडण्यावाचून इलाज नाही. तू ओरडतच होतीस, गॉगल लावा, पिपेट तोंडाने ओढू नका. मग एका मुलाच्या ब्युरेटशी वाकलीस, मागे पांढरा कागद धरलास आणि म्हणालीस, डोळा रेषेत आण, आता एकच थेंब. त्याने एक थेंब सोडला. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. त्या पोराने वर पाहिलं, तूही पाहिलंस. माई, ३२ वर्षांच्या नोकरीत असा क्षण मला किती वेळा मिळाला हे बोटांवर मोजता येईल. परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला मी तुझ्याबद्दल पंढरपूरपर्यंत सांगत होतो.

म्हणूनच म्हणतो, घसा जप. अण्णांचं आजारपणही आवाजापासूनच सुरू झालं होतं. नाही, ते वेगळं होतं, त्यांची तंबाखू होती. तुझ्या गाठी साध्या आहेत, आवाजाच्या ताणाने आलेल्या, विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामाने जातात असं इथल्या डॉक्टरांनीही सांगितलं. तुझा रिपोर्ट मी त्यांना दाखवला. जावईबापूंनी पाठवला होता.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुला मी कधी सांगितलेली नाही. आमच्याकडे नॅकची दुसरी फेरी होती तेव्हा विभागात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, एक मुलगी होती. आठवड्याला नऊ तास, त्याहून जास्त देता येत नाहीत. टायपिंग चांगलं होतं तिचं. मी तिला म्हणालो, जरा एवढं करून देशील का? तीन आठवडे ती सकाळी दहा ते संध्याकाळी सात येत होती. विभागाची सगळी माहिती, सहा वर्षांचे निकाल, सहलींचे अहवाल, सगळं तिने बसवलं. ती तासिका नव्हती, म्हणून बिलात एक रुपयाही आला नाही. समिती आली, कौतुक झालं, फोटो निघाला. फोटोत मी मधोमध उभा आहे आणि ती नाही. तिला बोलवायचं कुणालाच सुचलं नाही, मलाही नाही. मार्चअखेर तिची नेमणूक संपली. पुढच्या वर्षी ती आली नाही.

मी वाईट माणूस नव्हतो गं. सगळीकडे असंच चालायचं. पण पुढे तू आठ वर्षं तासिकेवर राहिलीस, दोन-दोन कॉलेजांत धावत होतीस, दर मार्चला तुझा पगार बंद व्हायचा, आणि तुझ्याकडूनही कुणी असंच "एवढं करून देशील का" म्हणत फायली करून घेत असेल, तेव्हा मला ती मुलगी आठवायची. २,०८८ पदांच्या भरतीतलं एक पद तुला मिळालं त्या दिवशी मी पेढे वाटले. वाटलं, सुटली पोर. आता तक्त्यात तुझं नाव पक्कं आणि कामही मोजलेलं. पक्कं झाल्यावर काम वाढतं हे मला कळायला हवं होतं. विभागात चार पदं मंजूर, भरलेली दोन. उरलेल्या दोन पदांचं शिकवणं तासिकेवाले करतील, पण त्या पदांची समित्यांची, परीक्षांची, फायलींची कामं कोण करणार? तीच कामं तुझ्या घशाशी आली आहेत.

त्यात हे नवं शैक्षणिक धोरण. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, स्किलचे कोर्स. बी.कॉम.च्या १२० पोरांना तू स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र शिकवतेस हे ऐकून मला कौतुकच वाटलं होतं. चांगलीच कल्पना आहे. पण १२० पोरं, पत्र्याचा हॉल आणि माइक नाही. ज्याने अभ्यासक्रम आखला त्याने तो हॉल पाहिला असता तर बरं झालं असतं. नवा कोर्स म्हणजे नव्याने नोट्स, नव्याने प्रश्नपत्रिका, आणि तक्त्यात ते सगळं दोन तास म्हणूनच दिसतं. तयारीचा तास आमच्या काळातही कुणी मोजला नाही.

तू म्हणशील, मग तुम्ही लोकांनी काय केलंत? केलं. २०१६ च्या मे महिन्यात यूजीसीने सहायक प्राध्यापकाचे १६चे २४ तास केले होते, १८ आणि ट्यूटोरियलचे ६. देशभर प्राध्यापक रस्त्यावर आले आणि ते मागे घ्यावं लागलं. मी निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना उन्हात उभा राहिलो होतो. त्याआधी २०१३ला फेब्रुवारी ते मे परीक्षांवर बहिष्कार. ते तुला मी काय सांगू, तू एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतीस. तुझीच परीक्षा लटकलेली आणि बाप बहिष्कारात. एकाच ताटाभोवती बसून आपण किती दिवस बोललो नाही. तू एकदाच म्हणालीस, "बाबा, माझं वर्ष गेलं तर?" मी उत्तर दिलं नाही, भात कालवत राहिलो. आमचा ७१ दिवसांचा पगार कापला गेला त्यापेक्षा ते मला जास्त लागलं होतं. तेही मी कधी बोललो नाही.

तर आता मुद्द्याचं. रजा घे. तू म्हणालीस कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल आहे, चौथं वर्ष पुढच्या वर्षी पुरं होतंय, वेतनाची लेव्हल १० वरून ११, आत्ता रजा घेतली तर डोळ्यावर येईल. हिशेब करून ठेवलाय. अर्धवेतनी रजा सेवेच्या दर पूर्ण वर्षाला २० दिवस. तुझी तीन वर्षं झाली, म्हणजे ६०. वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित केलीस तर ३० दिवस पूर्ण पगाराची. मूल्यमापनात वर्ग घेण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर असलं की "चांगले" मिळतं. १८० दिवसांतले १५ गेले तरी तू ९१ टक्क्यांवर राहतेस. कुणी अडवलं तर तो परिच्छेद दाखव, झेरॉक्स सोबत ठेवली आहे, पिवळ्या पेनाने खूण केली आहे. अर्ज दोन प्रतींत कर, एकीवर पोच घे. तोंडी सांगू नकोस, तोंडी सांगितलेलं उद्या कुणाला आठवत नाही. आणि परत गेलीस की पहिलं काम, तुझ्याकडे कोणकोणत्या समित्या आहेत ते लिहून प्राचार्यांना दे. त्यांना दुखवायचं नाही, फक्त कागदावर यायला हवं. कॅपला, पेपर तपासणीच्या केंद्रावर, नाव आलं तरी वैद्यकीय दाखला जोडून कळव. पेपर तपासायला आवाज लागत नाही हे खरं, पण दहा तास मान खाली घालून बसायचं आणि मधे मॉडरेटरशी वाद घालायचा, म्हणजे बोलणं आलंच. नाही म्हणायला शीक. मी तुला लहानपणापासून...

बघ. पुन्हा सुरू झालो. भाषण द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो. माफ कर. ३५ वर्षांची डॉक्टरेट झालेली मुलगी आहेस तू, रजेचे नियम मी शिकवायचे नाहीत. आणि नाही म्हणायला शीक असं मी तुला कोणत्या तोंडाने सांगतोय? मला माहितीये, तू नाही म्हणालीस की ते काम तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या तासिकेवाल्या पोरीकडे जातं. तेच तुला नकोय. फोनवर तू हेच सांगत होतीस बहुतेक, "माझ्यावाचून ते कुणावर पडेल माहितीये का?" एवढं म्हणालीस आणि तुझा आवाज चिरकला. मी मधेच माझे वीस तास काढले.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण पंधरा दिवस ते काम तसंच पडून राहू दे, कुणावरही न पडता. निकषाची फाइल पंधरा दिवस उशिरा झाली तर काही बिघडत नाही. माझ्या फायली आज कुठल्या कपाटात आहेत हेही कुणाला ठाऊक नसेल.

तुझी आई ज्येष्ठमध, खडीसाखर आणि हळद बांधून देतेय. कराड–सोलापूर गाडीने गुरुवारी पार्सल येईल, जावईबापूंना स्टँडवर जायला सांग, तू जाऊ नकोस, तिथे चौकशीच्या खिडकीवर ओरडावं लागतं. पार्सलमध्ये एक खोकंही आहे. कमरेला लावायचा स्पीकर आणि कानाला अडकवायचा माइक. दुकानदाराने दोनच दाखवले, त्यातला जड होता तो घेतला नाही, तुझी पाठ दुखते. चार तास चार्ज करावा लागतो. मी मधल्या खोलीत लावून पाहिला, तुझी आई परसात होती, तिला अगदी नेहमीच्या आवाजात "माई" ऐकू आलं. ती धावत आत आली, तिला वाटलं तूच आलीस.

खोकं २२ तारखेच्या आत उघडू नकोस. चिऊच्या हाताने दोन ओळी लिहून पाठव, तिला जोडाक्षरं यायला लागलीत ना? घसा कसा आहे तेवढंच लिही.

तुझे
बाबा