तिसऱ्या खांबापर्यंत

प्रिय घाईबाई,

परवा फोनवर तू विचारलंस, "केमो चालू असताना पळलं तर चालेल ना गं?" आणि मी मागचापुढचा विचार न करता म्हणाले, "पळ की, मी नाही का पळले!" तुझा जीव भांड्यात पडला, हे आवाजावरूनच कळलं. माझा मात्र तेव्हापासून टांगणीला लागलाय. मी पळले हे खरं, पण कधी, कशी आणि किती, हे मी तुला सांगितलंच नाही. आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे, सोमवारी सलाईन घेऊन मंगळवारी बूट चढवशील. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, कागदावर ते जमणार नाही.

इतकी वर्षं आपण पळालो, तू पुढे आणि मी मागे. वळणावर कमरेवर हात ठेवून तू माझी वाट बघत उभी असायचीस. स्तनाच्या कर्करोगाच्या या एका बाबतीत मात्र मी तुझ्या तीन वर्षं पुढे निघाले. नको होतं हे पुढे असणं, पण आता आहेच तर वापरून घे.

आधी एक काम कर. तुझा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला असेल, त्यातला आकडा विचारून घे. तुला जे लाल औषध देणार आहेत ना, डॉक्सोरुबिसिन, ते हृदयाच्या स्नायूवर परिणाम करू शकतं. म्हणून आधीच बघून ठेवतात की डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त हृदय एका ठोक्यात बाहेर ढकलतंय. (लघवीही दिवसभर लालसर होते, घाबरू नकोस. मी घाबरले होते.) आणि डॉक्टरांशी बोलताना 'व्यायाम' म्हणू नकोस, 'पळणं' म्हण. मी विचारलं होतं, "व्यायाम करू का?" ते म्हणाले, "जरूर करा." त्यांच्या डोळ्यांपुढे चालणं होतं, माझ्या डोळ्यांपुढे दहा किलोमीटर. दोघंही खूश होऊन उठलो.

मग पहिल्या केमोनंतर सहाव्या दिवशी मी पहाटे बाहेर पडले. मळमळ ओसरली होती, केस अजून जागेवर होते, आणि मला कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नकोस. रस्त्यावर दिव्यांचे खांब आहेत, एरवी मी ते मोजतही नसे. त्या दिवशी तिसऱ्या खांबाशी छातीत असं काही धडधडायला लागलं की मी खांबाला धरून खाली बसले. घड्याळात नाडी १६८. आपण चढावर जोर लावायचो तेव्हासुद्धा माझी एवढी जात नसे. रडू आलं नाही, राग आला, आणि तोही पळण्यावरच.

त्या रागाबद्दल आधी लिहिते, कारण तुलाही तो येणार. निदान झालं तेव्हा भेटेल तो एकच वाक्य म्हणायचा, "पण तू तर एवढी पळायचीस!" जणू मी कुठे तरी हप्ते भरत होते आणि वेळ आली तेव्हा कंपनी पळून गेली. मलाही आतून तसंच वाटत होतं. इतक्या पहाटे मोडल्या, त्याचं हेच फळ का? नंतर शांतपणे कळलं की नियमित व्यायामाने या आजाराचा धोका थोडा कमी होतो, शून्य होत नाही. पळणाऱ्या बायकांनाही होतो. पण हे कळायला मला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत मी बूट दोनदा कपाटाच्या वरच्या फळीवर टाकले आणि दोनदा खाली काढले.

आता केमोचं वेळापत्रक. माझ्या लाल औषधाच्या चार सायकल होत्या, दर तीन आठवड्यांनी एक. दुसऱ्या सायकलपासून मी वहीत रोज एक ओळ लिहायला लागले आणि मग नकाशा दिसला. पहिले चार-पाच दिवस अंगात काही नसतं. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं तर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, ती पळून मोकळी होत नाहीत, हा प्रयोग मी करून पाहिलाय. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. गंमत अशी की नेमकं तेव्हाच बरं वाटायला लागतं. शरीर सांगतं जा, रक्ताचा रिपोर्ट सांगतो थांब. त्या दिवसांत मी गर्दी टाळून एकटी चालायचे. तिसरा आठवडा माझा. पळायचं असलंच तर त्या आठवड्यात. हिमोग्लोबिन मात्र प्रत्येक सायकलला थोडं खाली सरकत जातं, त्यामुळे तिसऱ्या सायकलचा चांगला आठवडा पहिल्याच्या चांगल्या आठवड्याइतका चांगला नसतो. आपला दम कमी पडत नाहीये, दम वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी झाल्यात, एवढं स्वतःला सांगत राहा.

तेव्हा मी जे करत होते त्याला तू पळणं म्हणाली नसतीस. एक खांब हळू धावायचं, दोन खांब चालायचं. आपण अशा लोकांना किती हसायचो, आठवतं? जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकी धावपटू, १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेला, तो पुढे आयुष्यभर लोकांना हेच शिकवत राहिला, की थकायच्या आधीच चालायला लागा. आपल्याला ते हरल्यासारखं वाटायचं. मला त्यासाठी केमो घ्यावी लागली. वेग ठरवायला घड्याळही सोडून दिलं, कारण केमोत नाडी बसल्या बसल्यासुद्धा चढलेली असते. पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, तुटक तुटक यायला लागलं की चालायचं. मी स्वतःशीच बोलायचे. शेजारपाजारच्यांना काय वाटलं असेल ते असो.

केसांचं थोडक्यात सांगते. साधारण दोन-तीन आठवड्यांनी जातात, उशीवर दिसतात, त्या दिवशी रड. पण घामाने टोपी डोक्याला चिकटून खाज सुटली म्हणून एका अंधाऱ्या पहाटे मी ती काढून हातात घेतली, आणि धावताना डोक्याच्या उघड्या कातडीवरून वारा गेला. लहानपणानंतर तिथे वारा कधी लागलाच नव्हता. त्या दोन मिनिटांत मी पेशंट नव्हते, कुणाची बायको-आई नव्हते, बिचारी तर मुळीच नव्हते. लोक मला 'लढवय्यी' म्हणायचे, तो शब्द मला कधी पेलला नाही. सुई टोचून घ्यायला खुर्चीत पाच तास बसून राहणं ही कसली लढाई? आणि ज्या गेल्या, त्या काय कमी लढल्या होत्या? मी टिकून राहण्यासाठी पळत होते असं मला आठवत नाही. दिवसभर माझ्या शरीराचं काय करायचं ते दुसरं कुणी तरी ठरवायचं. त्या वीस मिनिटांत ते मी ठरवायचे, थांबायचं कुठे हेसुद्धा. प्रेरणा म्हणतात ती एवढीच होती.

लाल औषधानंतर पॅक्लिटॅक्सेल, हे केमोचंच दुसरं औषध, दर आठवड्याला एक डोस, असे बारा. ते त्या मानाने सोपं जातं असं सांगतात आणि गेलंही, पण आठव्या-नवव्या डोसला पायाची बोटं बधिर झाली. मोजा घातलाय की नाही ते बघून कळायचं. अशा पायाने पळताना जमीन नेमकी कुठे आहे ते समजत नाही, आणि मी एकदा चांगलीच तोंडावर पडले. हे डॉक्टरांपासून लपवलं, ही माझी सगळ्यात मोठी चूक. पळणं बंद करतील ही भीती. बधिरपणा वाढत असेल तर औषधाचा डोसच कमी करावा लागतो, म्हणून त्यांना तो कळायलाच हवा असतो. तू लपवू नकोस. माझ्या अंगठ्याला अजून पूर्ण जाग आलेली नाही. शेवटचे तीन-चार आठवडे मी नुसती सपाट जमिनीवर चालले आणि घरात वजनं उचलली. वजनांना तू नाक मुरडतेस, म्हणून सांगते, २००७ मध्ये कॅनडात केमो चालू असलेल्या २४२ बायकांवर एक अभ्यास झाला, त्यात वजनं उचलणाऱ्यांना केमो ठरल्या मात्रेने पूर्ण घेणं जास्त जमलं होतं.

मग ऑपरेशन. कुशीतून ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी, नळी आणि तिच्या टोकाला डबी. ती डबी खिशात घालून मी वॉर्डाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायचे, एका नर्सने नाव ठेवलं 'मॅरेथॉन'. ड्रेन असेपर्यंत पळण्याचा विषयसुद्धा काढू नकोस. नंतर हात वर जात नाही. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढत जायचा व्यायाम देतात, अतिशय कंटाळवाणा आहे, तो रोज कर. मी टाळला, आणि सहा आठवड्यांनी पळायला गेले तर उजवा हात झुलतोय आणि डावा छातीशी बांधल्यासारखा. एका हाताने वल्ही मारल्यासारखी मी वाकडीच निघाले.

वल्ह्यांवरून आठवलं. काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येण्याची भीती असते, आणि पूर्वी बायकांना सरळ सांगत, हा हात वापरूच नका. कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेंझी नावाच्या डॉक्टरांना ते पटेना. १९९६ मध्ये त्यांनी स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत बसवलं, वल्ही मारायला. एकीलाही नवी सूज आली नाही. मग २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की आधीच सूज असलेल्या बायकांनी हळूहळू वाढवत वजनं उचलली तरी सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. यातला 'हळूहळू' हा शब्द मुद्दाम तुझ्यासाठी पुन्हा लिहिते. हळूहळू. मीही पळताना दर पंधरा मिनिटांनी हात वर करून मुठी उघडते-मिटते. अंगठी घट्ट वाटली, हात जड वाटला की त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला फोन.

रेडिएशनच्या माझ्या पंधरा खेपा झाल्या. थकवा शेवटी शेवटी आला आणि संपल्यावरही आठवडाभर वाढतच गेला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कातडी भाजल्यासारखी झाली, तिथे स्पोर्ट्स ब्राची शिवण लागली की ब्रह्मांड आठवायचं. सैल सुती बनियन घालून चालायचे.

आणि ब्राचीच गोष्ट निघाली तर हेही ऐक. ऑपरेशननंतर मी आत सिलिकॉनचा तो नकली स्तन घालून पळायला गेले. दुसऱ्या वळणावर तो सरकत सरकत पोटावर आला. समोरून माणसं येत होती. मी हात पोटावर धरून वळले आणि इतकी हसले, इतकी हसले, की पुढे पळताच येईना. आता पळताना मी एका बाजूने सपाटच असते. बघणारे बघतात.

आता मी आजार परत येऊ नये म्हणून रोज लेट्रोझोलची गोळी घेते. सकाळी उठल्यावर गुडघे आणि बोटं नव्वद वर्षांच्या बाईची असतात. पहिला किलोमीटर शिव्या घालत जातो, मग सांधे सुटतात. यावर २०१५ मध्ये एक चाचणी छापून आली होती. आठवड्याला १५० मिनिटं चालणं वगैरे आणि दोनदा वजनं, असं वर्षभर केलेल्या बायकांची सांधेदुखी सुमारे २९ टक्क्यांनी कमी झाली. माझं दुखणं किती टक्के कमी झालं कोण जाणे, पण ज्या दिवशी जात नाही त्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ही गोळी हाडंही विरळ करते, म्हणून हाडांची तपासणी अधूनमधून असतेच.

तू विचारणारच, म्हणून लिहिते, पळण्याने तो परत येणार नाही का? अमेरिकेतल्या २,९८७ नर्सेसची माहिती २००५ मध्ये छापली होती. आजारानंतर आठवड्याला तीन ते पाच तास चालणाऱ्यांमध्ये या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण तासाभराहून कमी चालणाऱ्यांच्या जवळपास निम्मं दिसलं. मी ते वाचून आठवडाभर उड्या मारत होते. मग लक्षात आलं, ज्यांना मुळातच बरं वाटत होतं त्याच जास्त चालल्या असतील, हेही शक्य आहे. आणि दुसरं म्हणजे, हे असंच डोक्यात धरलं तर न पळलेला प्रत्येक दिवस गुन्हा वाटायला लागतो. मला वाटायचा. मॅमोग्रामच्या आदल्या आठवड्यात मी वेड्यासारखी पळायचे, जणू परीक्षेच्या आधीची घोकंपट्टी. यंदा त्या आठवड्यात दोनदाच गेले, आणि झोपले मात्र व्यवस्थित.

तर सोमवारी तुझी पहिली सायकल. मी पुढच्या रविवारी येते. तिसऱ्या खांबापर्यंत जाऊ, चालत. त्यापुढे जायचा हट्ट केलास तर मी खांबाशीच बसून राहीन, मग तुलाच परत यावं लागेल. या वेळी वळणावर वाट मी बघेन.

आणि घरात थर्मामीटर आहे का? नसेल तर नव्या बुटांच्या आधी ते आण. १००.४ च्या वर ताप गेला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, दवाखान्यात फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव, मोबाइलमध्ये नको, तो तुला कधीच सापडत नाही.

तुझी,
मागून येणारी