थांबणं हाही उपचारच आहे

पुणे

प्रिय सुमे,

अण्णांच्या हृदयाला भोक पडलंय म्हणतात, मग डॉक्टर ते लगेच बुजवत का नाहीत? काल फोनवर तू हेच विचारत होतीस, आणि मी सांगायला लागले की कुणीतरी तुला औषधं आणायला पिटाळत होतं. म्हणून लिहूनच पाठवते. बाकावर बसल्या बसल्या वाच, काकूंनाही वाचून दाखव.

आधी त्या भोकाबद्दल. हार्ट अटॅकमध्ये बंद झालेली अण्णांची रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने उघडली, पण तोवर तिच्यावर जगणारा स्नायू मेला होता. संध्याकाळी छातीत दुखलं, पित्त म्हणून सोडा घेतला आणि दवाखाना गाठला दुसऱ्या दिवशी दुपारी. याचा दोष स्वतःला लावून घेऊ नकोस. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपल्याकडच्या वीस हजारांवर रुग्णांची पाहणी छापून आली होती. त्यात दुखणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचायला लागलेला मधला वेळ ३६० मिनिटांचा होता. म्हणजे निम्मे लोक सहा तासांनंतरच पोचत होते.

मेलेला स्नायू लगेच घट्ट होत नाही. उलट पहिले काही दिवस तो मऊ पडत जातो. अण्णांच्या बाबतीत डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा चौथ्या दिवशी फाटला. डावीकडे दाब १००-१२०चा, उजवीकडे जेमतेम २५चा. त्यामुळे अंगभर जायचं रक्त फटीतून उजवीकडे घुसतं आणि पुन्हा फुप्फुसात जातं. फुप्फुसं तुंबतात, मूत्रपिंडं उपाशी राहतात. त्या रात्रीच्या रेसिडेंट मुलीने स्टेथोस्कोप लावला, कालपर्यंत नसलेली मर्मर, म्हणजे रक्त चुकीच्या वाटेने घुसताना होणारी घरघर, ऐकली, छातीवर हात ठेवला तर थरथर लागली आणि तिने एको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचं मशीन खाटेपाशी ओढून आणलं. तिचे आभार मान. हे वेळेत ऐकू येणं निम्मी लढाई असते.

आता मांडीतून घातलेला तो बलून. ज्याच्या खटखटीने तुझी झोप उडालीय, तो. तो महाधमनीत असतो आणि त्यात हेलियम भरतो. हृदय सैल पडलं की फुगतो, आकुंचन पावायच्या क्षणी रिकामा होतो. त्यामुळे पुढे रक्त ढकलायला अडथळा कमी लागतो, साहजिकच भोकातून निसटणारं रक्तही कमी होतं. १९६७ मध्ये ब्रुकलिनच्या एड्रियन कँट्रोविट्झ यांनी तो माणसांवर पहिल्यांदा वापरला. आजही आम्हा डॉक्टरांचा हात आधी त्याच्याकडेच जातो. तुला बीपी ९५ वर ठेवलंय याची काळजी वाटतेय ना? औषधं वाढवून १३० करता येईल, पण रक्तवाहिन्या आवळल्या की तेवढंच जास्त रक्त भोकातून वळेल. मॉनिटरवरचा आकडा सुंदर दिसेल आणि अण्णा खालावतील. म्हणून तू बीपीपेक्षा लघवी किती झाली ते विचार. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि लॅक्टेट. पहिल्यावरून मूत्रपिंडं कशी चालतायत ते कळतं, दुसऱ्यावरून अंगाला रक्त पुरतंय का ते.

आता मुख्य मुद्दा. आज ऑपरेशन केलं तर सर्जनला टाके घालायला घट्ट कड मिळत नाही. दुधावरच्या सायीला सुईदोऱ्याने शिवायला बघ, म्हणजे समजेल. एकदोन आठवड्यांत कडा धरायला लागतात. तू नेटवर वाचलेले आकडे खरे आहेत. अमेरिकेतल्या १९९९ ते २०१० च्या नोंदींत अटॅकनंतर सात दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी ५४ टक्के दगावले, नंतर झालेल्यांपैकी १८. पण फसू नकोस. जे ऑपरेशनची वाट बघतानाच दगावले ते दुसऱ्या गटात कधी आलेच नाहीत, आणि पहिल्या गटात घाईने न्यावं लागलेले, आधीच कोलमडलेले रुग्ण होते. म्हणून 'थांबलं की वाचतो' असा याचा अर्थ नाही. जो स्थिर आहे त्याच्यासाठीच थांबायचं. लघवी आटली, लॅक्टेट चढलं, तर डॉक्टर एक्मो, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम बाहेरून करणारं यंत्र लावतील किंवा मध्यरात्रीही टेबलवर घेतील. माझं मत विचारशील तर आज थांबण्यात ते चुकत नाहीयेत.

अटॅकनंतर हृदय फाटण्याचे बाकीचे दोन प्रकार अण्णांना झाले नाहीत हे नशीब. झडप धरून ठेवणारा स्नायू तुटला तर थांबण्यात अर्थच नसतो, लवकरात लवकर ऑपरेशन. आणि बाहेरची भिंत फुटली तर बहुतेकदा आमच्या हातात मिनिटंच असतात.

ऑपरेशन म्हणशील तर १९५६ मध्ये ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी ते पहिल्यांदा केलं. हल्ली बरेच सर्जन टोरांटोच्या टिरोन डेव्हिड यांची पद्धत वापरतात. मेलेल्या भागाला हात न लावता, लांबच्या निरोगी स्नायूला पॅच शिवून तो सगळा भागच दाबाबाहेर काढायचा. नंतर थोडी गळती राहू शकते. ती कधी मांडीतल्या नळीतून बटणासारखं छोटं झाकण घालून बंद करता येते. तेच बटण आधीच का नाही, हे विचारशीलच. फाटलेल्या कडा वेड्यावाकड्या आणि मऊ असतात, तिथे ते नीट बसत नाही.

आणि 'मोठ्या हॉस्पिटलात हलवा' म्हणणाऱ्या मामांना सांग, जिथे आहेत तिथे हृदयाचा सर्जन आणि एक्मो दोन्ही आहेत. बलून लावून ॲम्ब्युलन्सचा प्रवास करण्यात आत्ता धोकाच आहे.

एक अवघड गोष्ट. अण्णा शुद्धीवर आहेत तोवर त्यांना विचारून घे, कितपत लढायचंय. ७४ व्या वर्षी, मूत्रपिंडांची अशी अवस्था असताना, सर्जन तुला हे विचारणारच, आणि त्या वेळी तू एकटी उत्तर देऊ नयेस.

रक्तदाते आजच जमव, ऐनवेळी धावपळ होते. एकोची सीडी आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट मागून ठेव. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतेय, आल्यावर सर्जनशी आपण दोघी मिळून बोलू.

तुझीच,
माधवी