आगाखान पॅलेसला जाऊन आले त्याबद्दल

इंदूर

प्रिय मीने,

परवा फोनवर तू विचारलंस पुण्यात काय काय पाहिलं आणि मी नुसतं "लग्न मस्त झालं गं" म्हणून ठेवून दिला, कारण समोर सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या आणि मला जे बोलायचं होतं ते त्यांच्यासमोर नको होतं. आता सगळे झोपलेत. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अख्खं वऱ्हाड लक्ष्मी रोडला साड्यांवर तुटून पडलं, आणि मी आणि धाकटी नणंद रिक्षा करून निघालो नगर रोडला, आगाखान पॅलेस बघायला. आपण इथल्या लालबाग पॅलेसची झुंबरं बघत मोठे झालो, त्यामुळे पॅलेस म्हटलं की डोक्यात काहीतरी झगमगीत येतं, पण हा तसा नाहीच. कमानीच कमानी, चारी बाजूंनी रुंद व्हरांडा, पुढे हिरवंगार लॉन आणि त्या लॉनवर प्री-वेडिंगवाल्यासारख्या पोझ देणारी कॉलेजची पोरं. १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी बांधला, आजूबाजूच्या गावांत दुष्काळ होता, लोकांना काम मिळावं म्हणून काढलेलं काम असं सांगतात. पुढे १९६९ मध्ये त्यांच्या नातवाने, म्हणजे चौथ्या आगाखानांनी, गांधींची आठवण म्हणून तो देशाला देऊन टाकला.

मधली गोष्ट तुला माहीतच आहे, बेचाळीसची. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर भाषण, ९ ला पहाटे अटक, आणि गांधी, त्यांचे सेक्रेटरी महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन यांना आणून ठेवलं ते इथे. कस्तुरबांना त्याच संध्याकाळी पकडलं, नवऱ्याच्या जागी शिवाजी पार्कला सभेत बोलायला निघाल्या होत्या म्हणून. आणि महादेवभाई सहाच दिवसांत, १५ ऑगस्टला, हार्ट अटॅकने गेले. पन्नास वर्षांचा माणूस गं! पॅलेसच्या आवारातच दहन केलं.

शाळेत आपल्याला एवढं सांगून पुढचा धडा. पण त्या भिंतींमध्ये ही माणसं पावणेदोन वर्षं नुसती बसून होती हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. राजवाडा असला तरी बाहेर पहारा, तारा. गांधींनी सरकारला लिहिलंसुद्धा की आम्हाला एवढ्या मोठ्या घरात ठेवणं म्हणजे पैशाची उधळपट्टी आहे, साध्या जेलमध्ये टाका. फेब्रुवारी ४३ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचा उपास केला, तेव्हा सरकार सोडायला तयार नाही म्हणून व्हाइसरॉयच्या कौन्सिलातून तिघांनी राजीनामे दिले, त्यात आपले लोकनायक बापूजी अणे होते. हे मला माहीतच नव्हतं, मोठ्या खुर्चीवरून उठायला हिंमत लागते.

पण मला लिहायचंय ते कस्तुरबांबद्दल. त्या सत्तरी ओलांडलेल्या, आणि तिथे वही घेऊन शिकायला बसायच्या, गांधी त्यांना भूगोल शिकवायचे. कॅरम खेळायच्या. मला हे वाचून इतकं बरं वाटलं, कारण फोटोंमध्ये बाई कायम नवऱ्याच्या मागे पदर सावरून उभी. मग ४४ च्या सुरुवातीला आजार वाढला, हार्टचा त्रास, दम लागणं, नंतर न्यूमोनिया. त्यांना वैद्याचं औषध हवं होतं, तर वैद्य आला खरा पण रात्री आत राहायची परवानगी नाही, म्हणून तो बिचारा फाटकाबाहेर गाडीत झोपायचा, हाक आली की धावत आत. डोळ्यासमोर आण जरा. आत बाई गुदमरतेय आणि परवानगीचे कागद चाललेत!

शेवटी देवदासने, मुलाने, पेनिसिलिन मागवलं. तेव्हा ते नवंकोरं औषध, विमानाने कलकत्त्याहून आणलं. आणि गांधी नको म्हणाले. दर काही तासांनी सुया टोचायच्या हे कळल्यावर म्हणाले, आता तिला त्रास नको. मुलगा वाद घालत राहिला, बाप ऐकेना. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीला, त्या गेल्या.

नणंद तिथेच सुरू झाली, "स्वतः १९२४ ला ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं ना, मग बायकोलाच सुई का नको?" मुद्दा बरोबरच आहे तिचा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मीने, तुला आठवतंय ना आईच्या वेळी आयसीयूबाहेर दादा म्हणत होता व्हेंटिलेटर लावूया आणि बाबा नुसते मान हलवत होते, नाही नाही करत. तू माझा हात धरून उभी होतीस. मी तेव्हा दादाच्या बाजूने होते आणि बाबांवर चिडले होते, खरं सांगायचं तर अजूनही थोडी आहेच. आणि तिथे मी विचार करत होते की हा म्हातारा दुष्ट होता का थकलेला होता का त्याला खरंच दिसत होतं की ही आता जाणार. देवदासचं चुकलं असं मला वाटत नाही. पण चिता विझत येईपर्यंत तो नवरा तिथून हलला नाही म्हणतात, बासष्ट वर्षांचा संसार, आणि दोनेक महिन्यांनी, ६ मे ला, त्याची सुटका झाली. तिच्याशिवाय बाहेर आला. त्याला नावं ठेवणं मला जमेना, माफ करणंही जमेना.

समाध्या मागच्या बाजूला आहेत, कस्तुरबांची आणि महादेवभाईंची शेजारी शेजारी, संगमरवरी. लॉनवर सेल्फी काढणारे तिथपर्यंत फारसे पोचतच नाहीत. एक आजोबा नातीला सांगत होते ही गांधींची बायको, आणि ती पोरगी म्हणाली मग तिचं नाव काय. शाबास!

आणि हो, आपलं खंडवा रोडचं कस्तुरबाग्राम! ओंकारेश्वरला जाताना बसमधून बघायचो ते. त्या गेल्यावर देशभरातून फंड जमवला, पंचाहत्तर लाखांचं टार्गेट होतं, एक कोटीच्या वर जमले, ते खेड्यातल्या बायका-मुलांसाठी ट्रस्टला दिले, आणि त्या ट्रस्टचं मुख्य ऑफिस आपल्याच गावात. गांधी इंदूरला १९१८ ला आणि १९३५ ला हिंदी संमेलनाला आले होते हे आपल्याकडे सगळे मिरवतात, हे कोण सांगत नाही.

दिवाळीला येशील तेव्हा आपण दोघी तिकडे जाऊ, बाबांनाही घेऊ. ते आले तर. त्यांना मी पुण्याचं अजून काही सांगितलेलं नाही, तू फोनवर आधी काढू नकोस.

तुझी,
अनू

ता.क. लसणाची सेव कुरिअर केलीये दोन किलो, बडोद्याच्या तुमच्या गोड फरसाणावर उतारा. पाकीट फाटलेलं आलं तर लगेच सांग, मागच्या वेळी गप्प बसलीस.